घरच्या हेडसेटला गृहपाठ द्या

पुणे परिसरातल्या सर्व फ्लाइंग इन्स्ट्रक्टर मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

आधी माझी ओळख. मी पायलट नाही. सहकारनगरात राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाताखाली सेस्ना १७२ वर शिकणाऱ्या मुलीची आई आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. एक तर मला म्हणायचं आहे ते त्या एका संस्थेपुरतं नाही, आणि दुसरं म्हणजे लेकीचे अजून बरेच तास उडायचे बाकी आहेत.

गेल्या मे महिन्यात ती बोलता बोलता सहज सांगून गेली की घरी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारा) लावून ती सर्किटची, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरायच्या क्रमाची, प्रॅक्टिस करते. तिथल्या एका ज्येष्ठ इन्स्ट्रक्टरांनी चारचौघांत ऐकवलं, "गेम खेळून पायलट होत नसतात. तो डबा आधी बंद कर." बाकीची पोरं हसली. घरी आल्यावर तिनं हेडसेट खोक्यात घातला आणि खोकं माळ्यावर टाकलं. सर म्हणाले म्हणजे म्हणाले.

मग पाऊस लागला. तुम्हाला पावसाळ्याबद्दल मी काय सांगणार? रोज सकाळी आवरून बसायचं, ढग खाली आलेले बघायचे, "दुपारी बघू" ऐकायचं, आणि दुपारी कुणी बघायचं नाही. असे ओळीनं एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी उडाली ती जणू पहिल्यांदाच बसल्यासारखी. डाउनविंडवरचे (धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यावरचे) चेक विसरली, रेडिओवर काय बोलायचं ते विसरली, उतरताना पंखांचे फ्लॅप कुठे घ्यायचे तिथं अडखळली. आधी येत होतं तेच परत येण्यात तीन सॉर्टी, म्हणजे तीन उड्डाणं, गेल्या. आमच्या पावत्यांवर एका तासाचे पंधरा हजारांच्या वर लागतात. मी हिशेब केला नाही असं म्हणणार नाही, पुण्याची आहे.

ते एकोणीस दिवस खोकं माळ्यावरच होतं. म्हणून हे पत्र.

सरांचं अर्धं बरोबर होतं, हे आधी कबूल करते. किंबहुना कुठलं अर्धं बरोबर होतं ते मला घरात बसून दिसलं, कारण मी जरा वेगळ्या बाजूनं विमानात शिरलेली बाई आहे. नव्वदच्या दशकात कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मी दोन हिवाळे घालवले. विंचची तार ताणली की नाक आभाळाकडे होऊन पोटात गोळा यायचा, वर तार सुटली की एकदम शांतता. डोळ्यांसमोर कॅनॉपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) चिकटवलेला लोकरीचा तुकडा असायचा. तो सरळ मागे उडत असला तर ग्लायडर सरळ चाललंय, एका बाजूला कलला तर पाय चुकलेत. दोन रुपयांचं उपकरण. माझे सर म्हणायचे, "आधी बुडाला कळलं पाहिजे, मग दोऱ्याला." बुडाला म्हणजे खरंच बुडाला. ग्लायडर घसरलं की सीटवर आपण एका अंगाला ढकलले जातो, आणि पायानं रडर (शेपटीवरचं सुकाणू) दिला की ते ढकलणं थांबतं.

आमच्या घरच्या कॉकपिटमध्ये बुडाला काहीही कळत नाही. ते कॉकपिट म्हणजे शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलेलं योक (विमानाचं हँडल) आणि डायनिंगची खुर्ची. रडर पेडल फरशीवरून पुढे सरकतात म्हणून त्यांच्यापुढे आजेसासूबाईंचा पाटा आडवा लावलाय. वरवंटा अजून स्वयंपाकघरात आहे, तो मी देणार नाही. समोर टेबल फॅन, त्याचं कारण पुढे सांगते. दुपारी एक ते चार इंजिन स्टार्ट करायला मनाई, कारण खालच्या मजल्यावरचे काका झोपतात आणि पेडलचा ठोका छतातून त्यांच्या उशीवर पडतो.

तर या कॉकपिटमध्ये बसून माझी मुलगी तुमच्याकडे कोणत्या वाईट सवयी घेऊन आली असेल, याची मला चांगली कल्पना आहे.

पहिली सवय ट्रिमची. खऱ्या विमानात योकवर हवेचा दाब हातात येतो. आधी हातानं नाक हवं तिथं धरायचं, मग तो दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं. घरच्या योकमध्ये स्प्रिंग असते. वेग काहीही असो, स्प्रिंग तेवढीच ओढते आणि हात सोडला की मध्यावर जाते. त्यामुळे ट्रिम फिरवून हाताला काहीच कळत नाही, फक्त पडद्यावर नाक वर-खाली होतं. पोरगी सरळ ट्रिमनंच विमान चालवायला शिकली. तुमच्याकडे आल्यावर तिला ते मोडायला किती सॉर्टी लागल्या हे लॉगबुकात लिहिलेलं नसतं, पण ओरडा किती खाल्ला ते तिनं सांगितलंय.

दुसरी सवय पायांची, म्हणजे पाय नसण्याची. बॉल (विमान घसरतंय हे दाखवणारी नळीतली गोळी) बाहेर गेला तरी खुर्ची हलत नाही, मग पाय कशाला हलतील? तिसरी, आणि बहुधा तुम्हाला सर्वांत जास्त छळणारी, डोळे आत ठेवण्याची. हेडसेट यायच्या आधी ती दोन वर्षं साध्या मॉनिटरवर उडत होती. मॉनिटरवर बाहेरचं जग म्हणजे एक खिडकी, आणि त्या खिडकीखाली सगळे गेज (वेग, उंची दाखवणाऱ्या तबकड्या) ठसठशीत. डोळा ठसठशीत गोष्टीकडेच जातो. "बाहेर बघ, बाहेर!" हे तुमच्या तोंडचं वाक्य मला आता पाठ आहे.

हेडसेटनं यातली एक गोष्ट मात्र बदलली. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सरांनी "गेम" म्हणून एका शब्दात निकाल लावला तो याच जागी चुकला.

डाउनविंडवरून बेसला, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्याला, कधी वळायचं? तुम्ही शिकवता की धावपट्टीचं टोक खांद्याच्या मागे पंचेचाळीस अंशांवर आलं की वळायचं. मॉनिटरवर त्यासाठी बटण दाबून दृश्य मागे उडवावं लागतं, त्यात विमान कुठं चाललंय हेच हरवतं. मग मुलं काय करतात? नकाशा बघतात, किंवा "इथं ते तळं आलं की वळायचं" असं पाठ करतात. तुमच्या धावपट्टीशेजारी ते तळं नसतं. हेडसेटमध्ये मान वळवावी लागते. खरीखुरी मान. डोळ्याला खोली दिसते, पंखाचं टोक कुठं आहे ते दिसतं, धावपट्टी पंखाखालून मागे सरकताना दिसते. लेक पहिल्यांदा हेडसेटमधून बेसला वळली तेव्हा तिचा डावा हात योकवर होता, उजवा थ्रॉटल समजून टेबलाच्या कडेवर, आणि मान अशी मागे वळलेली की वेणी माझ्या चहाच्या कपात. त्या दिवसापासून तिनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ते तुम्हाला मे महिन्यात दिसलं असेल, फक्त कुठून आलं ते ठाऊक नव्हतं.

पण फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर घेणं? नाही. फ्लेअरचं घरी नाव काढू देऊ नका. धावपट्टीवर उतरताना उंचीचा शेवटचा अंदाज आपण समोर बघून नाही, डोळ्यांच्या कडांनी घेतो. जमीन दोन्ही बाजूंनी अंगावर येते त्यावरून. माणसाला आडवं जवळपास दोनशे अंश दिसतं, बहुतेक घरगुती हेडसेट शंभराच्या आसपास दाखवतात. कडा काळ्याच. शिवाय निरोगी डोळा एका अंशात साठेक ठिपके वेगळे ओळखू शकतो. आमच्याकडचा जुना हेडसेट वीस-बावीस दाखवतो. त्यामुळे धावपट्टीचं डांबर अगदी खाली येईपर्यंत गुळगुळीत राखाडीच राहतं, आणि दूरचं दुसरं विमान तर दिसतच नाही. त्यात बुबुळांमधल्या अंतराचा घोळ. आमच्या हेडसेटला तीनच खाचा आहेत, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. लेकीचं अंतर ६१. महिनाभर ती ६८ वर उडत होती, कारण धाकट्या भावानं खेळून तसाच ठेवला होता. अंतराचे अंदाज चुकत होते, कपाळ दुखत होतं, आणि आम्ही दोघी ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत होतो.

आता टेबल फॅन आणि कान. इथं मी माझ्या विषयात शिरते, दोन मिनिटं सहन करा.

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव मागे राहतो, मेंदूला वळण कळतं. पण वळण एकसारखं चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रव नळीबरोबर फिरायला लागतो आणि "आपण सरळ चाललोय" असं वाटायला लागतं. ढगात शिरलेल्या पायलटला मारतं ते हेच. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर याचा प्रयोग झाला. बाहेरचं दिसेनासं करून त्यांना फक्त गेजवर उडायला सांगितलं, तसं प्रशिक्षण नसताना. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत.

घरी हेडसेटमध्ये उलटी तऱ्हा. डोळे म्हणतात वळतोय, कान म्हणतो बाई, तू खुर्चीवर बसलीयस. त्या भांडणातून मळमळ. चित्र सेकंदाला नव्वद वेळा बदलायच्या ऐवजी अडखळायला लागलं तर मळमळ दुप्पट. त्यावर आमच्याकडे दोन उपाय आहेत. आलेपाक वडी, आणि एका जागी स्थिर ठेवलेला पंखा. चेहऱ्यावर वारा एकाच बाजूनं येत राहिला की शरीराला "समोर" कुठं आहे याचा धागा मिळतो. दहा मिनिटांवर न टिकणारी मुलगी आता चाळीस मिनिटं बसते. पण पंधरा दिवसांत मळमळ गेली म्हणजे काय झालं, हे मला काळजीचं वाटतं. तिच्या मेंदूनं कानाकडे दुर्लक्ष करायला शिकून घेतलं. ढगात दुर्लक्षच करायचं असतं, मग हे चांगलंच नाही का, असं ती मला विचारते. नाही. घरी कान गप्प असतो, ढगात तो खोटं बोलतो. गप्प माणसाकडे दुर्लक्ष करणं सोपं असतं. कानात ओरडून खोटं सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करून सहा गेज वाचणं घरच्या खुर्चीवर शिकता येत नाही, आणि "मला इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग येतं" हा घरी तयार झालेला आत्मविश्वास तर सर्वांत धोक्याचा. हे तिला मी सांगून उपयोग नाही, मी आई आहे. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल.

एवढं सगळं तुमच्या बाजूचं बोलून झाल्यावर आता दुसरं अर्धं.

"खेळणं" हा शब्द या धंद्यात जपून वापरावा. १९२९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक नावाच्या तरुणानं पहिला फ्लाइट ट्रेनर बनवला. घरचा धंदा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा. ऑर्गनचे भाते वापरून त्यानं लाकडी खोकं डोलतं केलं. फ्लाइंग स्कूलवाले फारसे ढुंकून बघेनात, तेव्हा ती खोकी जत्रेतल्या पाळण्यासारखी करमणूक बागांत गेली. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल आलं, खराब हवामानात गेज वाचता न येणारे पायलट एकामागून एक मेले, आणि मग लष्करानं सहा खोकी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो पायलट त्या निळ्या खोक्यांत बसून शिकले. आज ज्याला तुम्ही आदरानं सिम्युलेटर म्हणता त्याचा आजोबा जत्रेतला आहे.

हेडसेटचंही तेच चाललंय, जरा जास्त वेगानं. २०१८ साली अमेरिकी हवाई दलानं टेक्सासच्या ऑस्टिन शहरात व्हीआरवर भर देऊन एक तुकडी शिकवली. पहिल्या खेपेत तेरा अधिकारी सहा-एक महिन्यांत पायलट होऊन बाहेर पडले. नेहमी जवळजवळ वर्ष लागतं. तेही खरं विमान उडवतच होते, हे विसरू नका. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेनं व्हीआरवर चालणाऱ्या पहिल्या प्रशिक्षण यंत्राला मान्यता दिली. स्विस बनावटीचं, रॉबिन्सन आर२२ हेलिकॉप्टरचं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेनं त्याच कंपनीच्या एअरबस एच१२५ च्या यंत्राला. अर्थात ती यंत्रं आमच्या शिलाई मशीनसारखी नव्हेत. खाली हलणारा प्लॅटफॉर्म आहे, खऱ्या जागी खरी बटणं आहेत, आणि स्वतःचे हात हेडसेटमध्ये दिसतात.

हात दिसत नाहीत ही घरची मोठी अडचण. लेक माऊसनं बटणं दाबायची, त्यामुळे इंजिन स्टार्टचा क्रम डोक्यात पाठ, बोटांत शून्य. मग मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले आणि कपाटाच्या दोन मुठी आणल्या, एक गुळगुळीत काळी, एक कंगोरे असलेली लाल. प्लायवूडच्या तुकड्यावर खऱ्या अंतरावर बसवल्या. काळी थ्रॉटल (इंजिनची ताकद), लाल मिक्श्चर (इंधनाचं प्रमाण). दुकानदारानं विचारलं, "ताई, जोडी नको का?" त्याला काय सांगणार! आता ती डोळे झाकून हात टाकते. मुठी मशीनला जोडलेल्या नाहीत, नुसत्या लाकडावर आहेत. तरी चालतं. तुमच्या पिढीनं खुर्चीवर बसून, भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावून डोळे मिटून चेअर फ्लाइंग केलंच की. ते कुणी गेम म्हटलं नाही.

आता सांगते ती गोष्ट बघितल्यावर मी हेडसेटच्या बाजूची झाले.

टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर काय करायचं हे तुम्ही ब्रीफिंगमध्ये दर वेळी म्हणवून घेता. नाक खाली, समोर उतरायचं, मागे वळायचं नाही. लेकीला पाठ होतं. एका रविवारी मी कीबोर्ड माझ्याकडे घेतला आणि तिला न सांगता, जमिनीपासून साडेतीनशे फुटांवर मिक्श्चर तोडलं. आवाज थांबला. पाठ केलेलं सगळं विसरून तिनं योक ओढलं आणि डावीकडे वळली. धावपट्टी तिथं मागेच होती ना! विमान अर्ध्या वळणात नाक टाकून पडलं. ती हेडसेट काढून माझ्याकडे बघत राहिली. "परत," म्हणाली. परत वळली. परत पडली. चारशे फुटांवर केलं, कमी झुकवून केलं, जास्त झुकवून केलं. अकरा वेळा. प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की या वेळी जमेल, आणि प्रत्येक वेळी ती धावपट्टीच्या अलीकडे जमिनीत. मी काही बोलले नाही. बाराव्यांदा आवाज थांबला तसं योक पुढे गेलं, वेग पासष्टवर, तोंडानं "समोर, समोर, समोर" आणि ती एका शेतात उतरली.

हे तुम्ही खऱ्या विमानात करून दाखवू शकत नाही. दाखवलंत तर एकदाच. तिला अकरा वेळा मरता आलं, आमच्या बेडरूममध्ये, आणि त्यानंतर तिच्या अंगातून मागे वळायची इच्छाच निघून गेली असावी असं मला वाटतं. "असावी" म्हणते, कारण खात्री तुम्हीच करू शकता.

पण तिथंच पुढची गंमत. ती उतरली ते शेत उसाचं होतं. सिम्युलेटरला उपग्रहाचा फोटो तेवढा माहीत, उसाची उंची माहीत नाही. वरून छान हिरवळ दिसते. ती म्हणाली, सपाट होतं. मी म्हटलं, अगं, दहा फुटी ऊस आहे तो. मग आमचा वाद सुरू झाला. कापलेली ज्वारी बरी की कांद्याचं रान? बांध कुठल्या दिशेला? विजेच्या तारा दिसत नाहीत, पण खांबांची रांग दिसते का? आणि विहीर! आपल्याकडे शेताच्या मधोमध कठडा नसलेली विहीर असते, ती ना फोटोत कळते ना कुठल्या परदेशी पुस्तकात छापलेली असते. हे ज्ञान तुमच्याकडे आहे. बारामती ते सोलापूर पट्ट्यावर वर्षानुवर्षं उडून तुम्हाला कोणत्या महिन्यात कुठलं रान कसं दिसतं ते कळतं. घरच्या हेडसेटला ते कुणी तरी सांगायला हवं. हेडसेटच्या मागच्या मुलीला, म्हणजे.

आता माझी मागणी. डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या नियमांबद्दल मी काही मागत नाहीये. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या ४० तासांपैकी जास्तीत जास्त २० मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात, आणि शिलाई मशीनवरच्या तासांची किंमत शून्य. ती शून्यच राहू दे. तासांचा लोभ आला की मुलं खोटे आकडे लिहायला लागतील, आणि पालक लिहायला लावतील. मी पालकांना ओळखते.

मला हवाय तो फक्त गृहपाठ. मुलं घरी उडणारच आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये २०२० च्या डिसेंबरपासून हेडसेट चालतो, एक्स-प्लेनमध्ये त्याच्याही आधीपासून. तुम्ही हसलात तर ती चोरून उडतील, आणि चोरून उडणारं मूल हमखास उतरायचीच प्रॅक्टिस करतं, कारण त्यात मजा आहे. त्यापेक्षा सॉर्टीनंतरच्या डीब्रीफमध्ये एक ओळ वाढवा. "आज घरी सर्किट, फक्त ३०० फुटांपर्यंत, मग गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर). रेडिओ मोठ्यानं. ट्रिमला हात नाही." एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी विचारा, केलंस का?

त्यासाठी एक साधी वही पुरेल. इन्स्ट्रक्टर बदलतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तास भरले की तुम्हीही एअरलाइनला जाता, जायलाच हवं. लेकीचे सहा महिन्यांत तीन इन्स्ट्रक्टर झाले, आणि प्रत्येकानं पहिल्या दिवशी तिचं कच्चं-पक्कं नव्यानं शोधून काढलं. वहीत लिहिलेलं असलं की शोधावं लागणार नाही. पावसाळ्यात तर ती वही सोन्याची. उडता येत नाही त्या दिवशी रिकामं घरी पाठवण्याऐवजी एक मार्ग द्या, पुणे ते सोलापूर, कुठे नदी, कुठे धरण, कुठे रेल्वे, कुठे वळायचं, कुणाशी बोलायचं. उजनीचं पाणी हेडसेटमध्ये बरोबर जागी दिसतं. (आमची सोसायटी मात्र तीन मजली कौलारू बंगला दिसते, आणि समोर पार्किंगला भरपूर जागा. ते कुणी मनावर घेऊ नये.)

"काय करायचं नाही" हे "काय करायचं" याच्या आधी लिहा, एवढी विनंती. फ्लेअर नाही. स्टॉल-स्पिन (पंखांची उचल जाऊन गरगरत पडणं) नाही, निदान तुम्ही खऱ्या विमानात दाखवेपर्यंत. ढगात घुसून शहाणपणा नाही. आणि सोलोच्या, म्हणजे एकट्यानं उडायच्या, आदल्या रात्री हेडसेटला हातच नाही, नुसतं झोपायचं.

रेडिओच्या गृहपाठाबद्दल एक सूचना. तो गॅलरीत करू नका असंही वहीत लिहा. लेक गॅलरीत उभी राहून "टर्निंग डाउनविंड" म्हणाली आणि शेजारच्या काकूंनी घाबरून आत हाक मारली, "अगं, कोण डाउन झालंय? ताप आहे का?"

माझं म्हणणं पटत नसेल तर आमच्याकडे या. खुर्चीवर बसा, हेडसेट लावा, मी कधी इंजिन बंद करीन ते सांगणार नाही. डोळ्यांमधलं अंतर मोजायला पट्टी आहे, आलेपाक आहे. गुरुवार सोडून कधीही या, गुरुवारी आमच्याकडे वीज जाते. आणि एक ते चारच्या मध्ये नको.

आपली,
एका ट्रेनीची आई
सहकारनगर, पुणे